फेस बसेपर्यंत

“पेनं खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही,” दिगंबर म्हणाला. “तोंडं वाकडी करायची नाहीत. उत्तरा, हे खास तुझ्यासाठी.”

“मी रोज लोकांच्या तोंडात डोकावते,” उत्तरा म्हणाली. ती दातांची डॉक्टर. “चेहरा सरळ कसा ठेवायचा ते मला शिकवू नकोस.”

“आणि शकील, फोन उलटा ठेव.”

“प्रिंटरचा फोन येणार आहे. मेनू अडकलाय त्याच्याकडे.”

“आला की घे. तोवर उलटा.”

मे महिन्यातला मंगळवार होता, दुपारचे सव्वाबारा. मुंढव्याच्या पुढे शकीलच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्या शेडमध्ये आम्ही बसलो होतो. लेथ मशिनं विकली गेली होती. त्यांच्या जागी काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या सहा टाक्या उभ्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तिथली बिअर लोकांना पहिल्यांदा मिळणार होती. शकील आणि दिगंबर, दोघांनीही त्यासाठी नोकऱ्या सोडल्या होत्या. शकीलकडे जागा होती, परवाने होते आणि कुणाशीही बोलायची हातोटी होती. बिअर करता येत होती ती एकट्या दिगंबरला. औषधांच्या कंपनीत चौदा वर्षं त्याने तपासणी विभागात काढली होती आणि गच्चीवरच्या खोलीत हौस म्हणून आठ वर्षं बिअर करून पाहिली होती.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. मी तेव्हा एका दैनिकात मुख्य उपसंपादक होते. मंगळवारी मला सुट्टी असे, म्हणून चाखण्याचा वार मंगळवार. चाखण्याची पद्धतही माझ्याकडून उचललेली होती. आमच्याकडे पहिलं पान दोघं जण वेगवेगळे बसून वाचत आणि एकाच्या खुणा दुसऱ्याला दाखवत नसत. एकाचं बघून दुसरा वाचायला लागला की त्याला फक्त पहिल्याला सापडलेल्या चुका दिसतात. हे मी एकदा दिगंबरला सांगितलं आणि पुढच्या मंगळवारी त्याने कागद छापून आणले. चार रकाने होते: रंग, वास, कडवटपणा एक ते दहा, शेरा. नाव लिहायचं नाही. तोही आमच्याबरोबर कागद भरायचा. शेवटचं पेन खाली आलं की लगेच कागद गोळा करायचा, पिसायचा आणि मोठ्याने वाचायचा.

त्या दिवशी तीन बिअर होत्या. टेबलामागच्या काळ्या फळ्यावर शकीलने त्यांची नावं सुंदर अक्षरात लिहिली होती आणि नावापुढे कडवटपणाचे आकडे. पहिली वीस, दुसरी चाळीस, तिसरी साठ. तिसरी ही त्यांची मुख्य बिअर. बाहेरच्या पाटीवर तिचंच चित्र होतं.

“हे आकडे दहापैकी नाहीत ना?” उत्तराने विचारलं.

“नाहीत. होप्समधला कडवटपणा बिअरमध्ये किती उतरला त्याचा हिशेब आहे तो. किती होप्स, किती जोरकस, किती वेळ उकळले, यावरून काढतात.”

होप्स म्हणजे काय हे तोवर आम्हाला कळलं होतं. एका वेलीचं फूल. कोरडं करून, दाबून त्याच्या हिरव्या गोळ्या करतात. आदल्या मंगळवारी दिगंबरने आम्हाला त्याचा काढा पाजला होता. एका कपात तासभर उकळलेला, दुसऱ्यात गॅस बंद करून नुसता बुडवलेला. पहिला कारल्याच्या रसासारखा होता, पण त्याला वास जवळजवळ नव्हता. दुसरा फारसा कडू नव्हता, पण कपावर वाकलं की कुणीतरी शेजारी फळ सोलतंय असं वाटत होतं.

“उकळलं की कडू सुटतं आणि वास उडून जातो,” तो म्हणाला होता. “म्हणून काही होप्स आधी घालायचे, काही अगदी शेवटी. सगळी कारागिरी त्या दोन वेळांमध्ये आहे.”

त्याने पहिला ग्लास भरून आणला. पाव भाजायला तव्यावर टाकले होते, तो तिकडे वळला. दोन बिअरच्या मध्ये कोरडा पाव खायचा असा नियम होता. आम्ही लिहायला लागलो. थोड्या वेळाने जळका वास आला. मी मान वर केली. शकीलनेही केली. दिगंबर शेगडीपाशी उभा राहून ग्लास उजेडात धरून पाहत होता. तव्यातून धूर निघत होता.

“अरे दिगू, पाव!” शकील ओरडला.

दिगंबरने दचकून तवा उचलला. “लक्ष नव्हतं.”

“बोलायचं नाही म्हणून मी आधी गप्प बसलो होतो,” शकील म्हणाला. “आग लागली असती तरी कागदावर लिहून दिलं असतं.”

दिगंबरच्या डोक्यामागे एका जागी केस अजून नीट वाढले नव्हते. मार्चमध्ये त्याची स्कूटर खडीवरून घसरली होती. सहा टाके पडले होते आणि दोन आठवडे तो घरी होता. तेव्हापासून तो जरा हरवल्यासारखा वागायचा. उद्घाटन जवळ आलंय म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिली बिअर सोपी होती. सगळ्यांनी कडवटपणाला दोन किंवा तीन लिहिलं. दुसरी गडद तांबूस होती.

“चार,” दिगंबरने कागद वाचले. “तीन. चार. चार. आता सांगा, पहिलीपेक्षा हिच्यात कडू दुप्पट आहे. मग दुप्पट लागली का?”

“नाही,” मी म्हणाले. “थोडीशीच जास्त.”

“का?”

“गोड आहे म्हणून?”

“हिच्यात मॉल्ट जास्त आहे. मोड आणून भाजलेला सातू. पाडव्याला कडुलिंबाची गोळी देतात त्यात गूळ घालतात ना, तसं. पाला तेवढाच असतो. गूळ जास्त पडला की पोरं आणखी मागतात.” त्याने खडूने फळ्यावरच्या चाळीसखाली रेघ मारली. “कडू किती आहे ते मोजता येतं. किती लागतं ते मोजता येत नाही. त्यासाठी तुम्ही.”

“फुकटात,” उत्तरा म्हणाली.

“पाव आहे ना.”

“जळका.”

मग तिसरी आली. रंग छान होता, जुन्या पितळेसारखा. फेस घट्ट. मी ग्लास नाकाशी नेला आणि थांबले. परत नेला. वास ओळखीचा होता, पण पिण्याच्या वस्तूचा नव्हता. घोट घेतला. वास तोंडातही राहिला. मी समोर पाहिलं. शकील डोळे मिटून मान हलवत होता. उत्तराच्या भुवया किंचित वर गेल्या आणि तिने त्या खाली आणल्या. मग तिने भराभर लिहिलं आणि पेन ठेवलं.

माझं पेन शेवटी खाली आलं. दिगंबरने कागद घेतले.

“पहिला. ‘वास दमदार. सवय व्हावी लागेल. कडवटपणा आठ. शेरा: वेगळीच आहे, आवडली.’” त्याने पान पालटलं. “‘वास खोल. कडवटपणा आठ. परदेशात घेतली होती तशी.’ हे आमचे मालक. पुढचा. ‘वास: पावसात भिजून दोन दिवस बुटात राहिलेले मोजे. जुनं चीज. कडवटपणा आठ. शेरा: मुद्दाम असं आहे का?’”

तो थांबला. मग हसला.

“वैजू.”

“नावं लिहायची नाहीत असं ठरलंय,” मी म्हणाले.

“मोजे?” शकील म्हणाला. “अगं, आपल्याला सवय नाही. हे असंच असतं. पहिल्यांदा ऑलिव्ह खाल्लं तेव्हा मी थुंकलो होतो.”

“उत्तरा?” दिगंबरने विचारलं.

“मला ते… मला वाटलं जे समजत नाही ते चांगलं असणार,” उत्तरा म्हणाली. “भारी वस्तूंचं तसंच असतं.”

दिगंबरने आपला ग्लास उचलला, नाक आत घातलं, लांब श्वास घेतला. “संत्र्याची साल,” तो म्हणाला. “देवदार. ओली माती. बास, हेच हवं होतं.”

तीन आठवड्यांपूर्वी उत्तराच्या वाढदिवसाला कुणीतरी बंगळूरहून गव्हाची बिअर आणली होती. तिचा वास घेऊन दिगंबर म्हणाला होता, संत्र्याची साल, देवदार, ओली माती. तेच तीन शब्द, त्याच क्रमाने. माझ्या टेबलावर रोज चाळीस-पन्नास प्रेसनोटा यायच्या. एखाद्या वार्ताहराने जागेवर न जाता बातमी केली असेल तर ती अशीच पकडली जायची. शब्दही प्रेसनोटचे आणि क्रमही तोच.

“चौथा कागद राहिला,” मी म्हणाले.

“तो माझाच आहे. त्यात काय वाचायचं?” त्याने तो घडी करून खिशात घातला. “ये, तुला होप्सची पिशवीच दाखवतो. ताजा माल आहे. तारीख बघ स्वतः.”

कोल्ड रूममध्ये दोन माणसं जेमतेम उभी राहत. मॉल्टची पोती, वरच्या फळीवर होप्सच्या रुपेरी पिशव्या. दारावर आतल्या बाजूने होप्स पुरवणाऱ्या कंपनीचा तक्ता चिकटवलेला होता. प्रत्येक जातीपुढे तिचे गुण. वरून तिसरी ओळ मी वाचली. संत्र्याची साल, देवदार, ओली माती.

दिगंबरने पिशवी काढून दिली. “बघ. अजून दीड वर्ष मुदत आहे.”

तारीख खरी होती. पिशवीचं तोंड कापलेलं होतं आणि नुसतं दुमडून रबर लावलेलं होतं. मी रबर काढलं. तोच वास आला, दहापट.

“ही उघडी कधीपासून आहे?”

“मार्चपासून. पडलो त्याच्या आदल्या दिवशी उघडली होती.”

“आणि इथेच होती? थंडीत?”

तो वरच्या फळीवरच्या पिशव्या सरळ करायला लागला.

“दिगू?”

“मी दोन आठवडे नव्हतो. बाहेरच्या टेबलावर राहिली होती. आलो तेव्हा आत ठेवली.”

पत्र्याची शेड, मार्चचे दोन आठवडे. मी पिशवीत हात घातला. “मागे वळ.”

“काय?”

“वळ रे.”

तो वळला. मी दोन्ही मुठींत गोळ्या घेतल्या, चुरडल्या आणि त्याला परत वळायला सांगितलं. “एका हातात या पिशवीतल्या आहेत, दुसऱ्यात नव्या पिशवीतल्या. जुन्या कुठल्या ते सांग.”

त्याने आधी माझ्या तळहातांकडे पाहिलं. रंग सारखाच होता. मग उजवा हात हुंगला, डावा हुंगला, पुन्हा उजवा.

“डावा,” तो म्हणाला.

“दोन्ही याच पिशवीतल्या आहेत.”

कोल्ड रूमचा पंखा चालू होता. दिगंबर मॉल्टच्या पोत्यावर बसला.

“ही तुझी डेस्कवरची सवय,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पडलो तेव्हापासून. दवाखान्यात बायकोने डबा उघडला. आमटी आहे हे मला बघून कळलं.”

“डॉक्टर?”

“म्हणतात, डोक्याला मागून मार लागला की नाकाकडून येणाऱ्या शिरा तुटतात कधीकधी. परत येईल किंवा येणार नाही. सहा महिने थांबा. अडीच झाले.”

“शकीलला?”

“काय सांगू? बिअर करणारा माणूस आहे, नाक नाही?” त्याने हात चोळले. “मला वाटलं, उद्घाटनापर्यंत येईल. तोवर तुम्ही आहातच. तुमचे कागद वाचून चालवत होतो. पहिल्या दोन बरोबर आल्या की नाही? त्या तुमच्या नाकाने केल्या मी. ही मात्र पिशवीची तारीख बघून केली.”

त्याने मान वर करून विचारलं, “कडूला किती लिहिलंस तू?”

“आठ. वाचलंस ना.”

“का आठ?”

“कडू होती.”

तो उठला, बाहेर गेला आणि तिसऱ्या बिअरचा ग्लास घेऊन आला. “नाक धर. घट्ट. आणि पी.”

मी नाक चिमटीत धरलं आणि घोट घेतला. मोजे गेले. चीज गेलं. सगळंच गेलं. तोंडात थंड काहीतरी होतं, थोडं गोड आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला थोडं कडू. दुसऱ्या बिअरइतकंसुद्धा नाही, किंवा तेवढंच. मी आणखी एक घोट घेतला. जेवणासारखं, पिण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी नाक सोडलं नाही.

“किती?”

“चार. पाच.”

त्याने खिशातली घडी उलगडून माझ्यापुढे धरली. वासाच्या रकान्यात तक्त्यातले तीन शब्द होते. कडवटपणाच्या रकान्यात पाच.

“होप्स जुने झाले की कडूही मरतं,” तो म्हणाला. “फळ्यावर साठ लिहिलं होतं म्हणून तू आठ लिहिलंस. तिघांनीही. मी म्हटलं, माझी जीभपण चालली. तेवढं एकच राहिलं होतं माझ्याकडे.”

मी नाक सोडलं. वास परत आला.

“म्हणजे जीभ आहे,” दिगंबर म्हणाला.

“आहे. आमच्यापेक्षा बरी आहे.”

तो परत पोत्यावर बसला. त्याचे खांदे खाली आले होते. मग त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

“पाच मिनिटं दे मला,” तो म्हणाला. “तोंड धुतो, येतो आणि मीच सांगतो शकीलला. नीट सांगतो. तू काही बोलू नकोस.”

“बरं,” मी म्हणाले.

मी बाहेर आले. उत्तरा पावाचा जळका भाग नखाने खरवडत होती. शकील फोन कानाला लावून उभा होता.

“हो, हो, फायनल. तीन बिअर. तिसरी वर, मोठ्या टायपात…” त्याने मला पाहिलं आणि फोनवर हात ठेवला. “झालं का? पाठवू ना? तो आत्ता छपाईला घेतोय.”

“तिसरी काढ,” मी म्हणाले.

“काय?”

“तिसरी काढून टाक मेनूतून. होप्स खराब आहेत.”

एवढं पुरेसं होतं. शकील फोनवर म्हणाला, “दोन मिनिटांत करतो,” आणि फोन ठेवला.

“होप्स खराब आहेत? दिगूला कळलं नाही?”

“दिगंबरला वास येत नाही,” मी म्हणाले. “अपघातापासून. अडीच महिने.”

दोन ओळी. मुख्य मुद्दा आधी, तपशील नंतर. मला आठवतं, सांगताना मला तारखेची खात्री होती आणि ती असल्याचं बरं वाटलं होतं.

उत्तराने पाव खाली ठेवला. शकीलने काचेपलीकडच्या टाक्यांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग खुर्ची ओढून बसला.

दिगंबर बाहेर आला तेव्हा त्याचे केस ओले होते. त्याने शर्ट बदलला होता. शुक्रवारसाठी आणून ठेवलेला निळा शर्ट होता तो, घड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. हातात एक चौपदरी कागद होता, मघाचा नव्हे, दुसराच. तो टेबलाच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “जरा पहिल्यापासून सांगतो…”

त्याची नजर उत्तराकडे गेली. उत्तराला चेहरा सरळ ठेवता आला नाही.

दिगंबर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“सांगितलंस.”

“मेनू छापायला जात होता,” मी म्हणाले.

“पाच मिनिटं मागितली होती, वैजू.”

“तिने पाच मिनिटं थांबायला हवं होतं, होय?” शकील म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “आणि मी? मी रोज तुझ्यासमोर बसतोय. रोज विचारतोय, दिगू, जमतंय ना. बाबांना सांगून मशिनं काढायला लावली मी. त्यांना काय सांगितलं माहितेय? माझ्याकडे दिगंबरचं नाक आहे.”

“बरोबर आहे तुझं.”

“बरोबर आहे म्हणून काय करू? बिअर कोण करणार?”

दिगंबरने हातातला कागद खिशात घातला. “ते तू ठरव,” तो म्हणाला. “मी काय म्हणणार होतो ते आता राहू दे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जिभेचं मी सांगितलंच नव्हतं. जे गेलं होतं ते सांगितलं होतं, जे उरलं होतं ते नाही. “अजून एक आहे,” मी म्हणाले. “कडूचा आकडा एकट्या त्याचाच बरोबर होता. आपण तिघांनी फळा बघून लिहिलं.”

“म्हणजे?”

“नाक धर आणि पी.”

“वैजू, मी इथे मस्करीच्या…”

“धर.”

उत्तराने आधी धरलं. मग शकीलने. दोघांनी घोट घेतला. नाक धरल्यामुळे शकीलचा आवाज बेडकासारखा झाला. “पाणी आहे हे,” तो म्हणाला.

“किती?” मी विचारलं.

“पाच. चार.”

“चार,” उत्तरा म्हणाली. तिने नाक सोडलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “शी! मोजेच आहेत गं! आणि मी आवडली म्हणून लिहिलं!”

शकीलला हसू फुटलं. राग तसाच ठेवून तो हसत होता आणि त्याला ते आवडत नव्हतं. त्याने डोळे पुसले. दिगंबर हसला नाही. तो टाकीपाशी गेला, खालचा नळ पूर्ण उघडला आणि तिसरी बिअर जमिनीतल्या गटारात सोडली. टाकी मोठी होती. रिकामी व्हायला बराच वेळ लागला. शेडभर तो वास पसरला. आम्ही तिघांनी रुमाल काढले. तो नळापाशी उभा राहून धार बघत होता.

शुक्रवारी दोनच बिअर मिळाल्या. गर्दी झाली. तिसरीबद्दल विचारलं की शकील म्हणायचा, अजून तयार व्हायचीय. ते खोटं नव्हतं. ऑगस्टमध्ये ती आली, नव्या होप्सची. तिच्या कागदांवर वासाचा रकाना माझा, उत्तराचा आणि शकीलचा होता. कडवटपणाला दिगंबरने लिहिलेला आकडाच फळ्यावर गेला; हिशेबाचा आकडा शकीलने पुसून टाकला. तशी ब्रुअरी मी दुसरी पाहिलेली नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. सहा महिने झाले, मग वर्ष झालं, दिगंबरचं नाक परत आलं नाही. तो अजून तिथेच बिअर करतो आणि ती चांगली असते. मी दैनिक सोडलं, तरी मंगळवारी जाते. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मी चार दिवस राबले. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही आणि त्या चौपदरी कागदावर त्याने काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही.

पद्धत तीच आहे. चार रकाने, नाव लिहायचं नाही, पेनं खाली येईपर्यंत बोलायचं नाही. एकच नियम नंतर वाढला. शेवटचं पेन खाली आल्यावर पूर्वी दिगंबर लगेच कागद गोळा करायचा. आता तो करत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाच मिनिटं बसतो. आम्हीही बसतो. कागद पालथे, हात टेबलावर. मग तो उठतो.

मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी आमच्यात आली, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, नाक फार तल्लख. तिने विचारलं, “सर, लिहून तर झालं. मग ही पाच मिनिटं कशासाठी?”

“फेस बसू द्यायचा असतो,” दिगंबर म्हणाला. बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

फेस एका मिनिटात बसतो.